यादीतला काळाराम

कुलूप लावून झालं की लंकाबाई दारावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायच्या. टक, टक. दार पत्र्याचं, आत कुणी नाही. तरी त्या क्षणभर कान देऊन उभ्या राहायच्या आणि मग रिकामी पाटी काखेला मारून गल्लीतून गंगापूर रोडच्या दिशेनं चालायला लागायच्या. पहाटे पाचची वेळ. फुलबाजारात मळ्यांतून झेंडू, शेवंती यायची तेव्हा तिथं हजर असावं लागे. नंतर दिवसभर तिथंच पोत्यावर बसून हार ओवायचे.

ही सवय नवरा होता तेव्हाची. सावळीराम देवळाली कॅम्पात एका लष्करी बंगल्याच्या बागेत माळी होते. त्यांची बस सहाची. लंकाबाई आधी निघत, आणि निघताना बाहेरून दार वाजवून त्यांना उठवत. नावानं हाक मारायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलं होतं, आणि त्यावर त्यांनी पुन्हा विचार केला नव्हता.

"मग 'अहो' म्हणायचं की," शेजारच्या लताबाई म्हणायच्या.

"म्हणून बघितलं. तुझा उठला, पलीकडचा उठला. आमचं मातर घोरत पडलेलं."

तेव्हापासून दोन टकटक. तेच त्यांचं नवऱ्याचं नाव होतं म्हणा.

ही वस्ती नाल्याच्या काठावर होती. सव्वाशे घरं, पत्र्याची आणि कुडाची. आजूबाजूला अजून द्राक्षांचे मळे होते, पण नव्वदनंतर एकेक मळा प्लॉट होत गेला आणि गंगापूर रोडच्या जमिनीला भलताच भाव आला. माझे वडील वस्तीजवळच्या शाळेत शिक्षक. त्यांना सगळे यादव गुरुजी म्हणत. घरी आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सांगायचे, पूर्वी सरकार झोपड्या नुसत्या पाडायचं. मग धोरण बदललं आणि सरकार त्या मोजायला लागलं. पंच्याण्णव सालच्या एक जानेवारीच्या आधीपासून जो राहतो त्याला हात लावायचा नाही. त्याचं नाव यादीत घालायचं, त्याला फोटोपास द्यायचा, आणि पुढंमागं घरं बांधली तर त्याला घर. मोजायला माणसं हवी होती. माणसं म्हणजे शिक्षक.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत अण्णा रजिस्टर घेऊन वस्तीत फिरले. अक्षर सुंदर, म्हणून त्यांना हे काम नेहमी मिळे. लंकाबाईंच्या दारात ते दुपारी पोचले. लंकाबाई त्या दिवशी अंगात ताप म्हणून बाजारातून लवकर आल्या होत्या. लताबाई बाजारातच होत्या. सावळीराम कॅम्पात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचं नाव माहीतच नव्हतं. सगळे त्यांना 'कॅम्पवाले' म्हणत. मूलबाळ नव्हतं, नाहीतर त्यानं सांगितलं असतं.

अण्णांनी विचारलं, "तुमचं नाव?"

"लंकाबाई. आडनाव मौले."

"मालकांचं?"

लंकाबाईंनी तोंड चौकटीकडे वळवलं. "तुमीच घ्या ना समजून."

"बाई, मी कसा समजणार? यादीत लिहायचंय."

"पंचवटीत मोठ्या देवळातला देव हाय ना... तेंच्या नावाचे."

"राम?"

"नुस्तं तसं नाय. रंगासकट."

अण्णा हसले. नाशिकमध्ये रंगासकट राम म्हटल्यावर आणखी काय असणार! "काळाराम," ते म्हणाले.

लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसू लागल्या. "तेवढे काळे नाय हो," त्या म्हणाल्या.

अण्णांना वाटलं, बाई नवऱ्याच्या रंगाबद्दल लाडानं बोलतेय. ती दुसरी खूण देत होती, हे त्यांना कळलं नाही. काळ्याच्या अलीकडचा रंग, सावळा. "लंकेत काळाराम! बरं जमलंय," असं काहीतरी बोलून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: काळाराम मौले, वय पंचेचाळीस, घर क्रमांक ११२. बाईला अवघड न करता आपण ओळखलं, याचं त्यांना समाधान वाटलं होतं. पुढं अनेक वर्षं ते हे वाक्य असंच सांगत, की मला वाटलं, मी ओळखलं.

आठवड्यानं फोटो काढायला माणूस आला. प्रत्येक कुटुंबानं आपल्या दारात उभं राहायचं, हातात पाटी, पाटीवर खडूनं घराचा नंबर. सावळीरामांना सुटी मिळाली नाही. लंकाबाई एकट्याच ११२ ची पाटी धरून उभ्या राहिल्या. सकाळचं कोवळं ऊन फोटोग्राफरच्या पाठीमागून येत होतं. अण्णा त्याच्या बाजूला उभे होते, खांद्याला शबनम पिशवी.

त्याच वर्षी श्रावणात सावळीरामांना कावीळ झाली. दहा दिवस ते सरकारी दवाखान्यात होते, आणि तिथंच गेले. मरणाच्या दाखल्यावर त्यांचं नाव बरोबर आलं, कारण भरती होताना ते त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

फोटोपास आला दोन वर्षांनी. लताबाईंच्या नवऱ्यानं तो वाचला आणि म्हणाला, "वहिनी, हे काळाराम कोण?"

लंकाबाईंनी पास हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. फोटोत त्या पाटी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताला, दारावर, एक लांब सावली पडली होती. माणसाची. खांद्याला पिशवी अडकवलेली. कॅम्पाला जाताना सावळीराम अशीच पिशवी न्यायचे, डब्याची.

"ह्यो बघ तुझा काळाराम," लताबाई म्हणाल्या. "लंकेत येऊन उभा राहिला की गं!" लंकाबाईंनी पास पदराखाली घेतला.

अण्णा दुसऱ्याच दिवशी पास घेऊन ऑफिसात गेले. त्यांना सांगण्यात आलं की यादी आता बंद झाली आहे. घर मिळायची वेळ येईल तेव्हा प्रतिज्ञापत्र करा, तेव्हा दुरुस्ती होईल. तोवर जसं आहे तसं. अण्णांनी लंकाबाईंकडे येऊन हात जोडले. आपली चूक सांगितली. ती सावली कुणाची, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

लंकाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, गुरुजी. काय घाई हाय?"

इथून पुढची गोष्ट अण्णा आवाज उतरवून सांगत. यादीत एकदा नाव गेलं की ते एका जागी बसत नाही. मतदारयादीसाठी माणूस आला. लंकाबाईंनी फोटोपास दाखवला. त्यानं त्यावरून नाव उतरवून घेतलं. मग मतदानाच्या आधी चिठ्ठी आली: काळाराम मौले, वय सत्तेचाळीस. नंतर पन्नास. मग बावन्न. सावळीराम पंचेचाळिसाव्या वर्षी थांबले होते आणि काळाराम दर निवडणुकीला वाढत होता. लंकाबाई त्या चिठ्ठ्या डब्यात ठेवत. एकदा अण्णांना त्यांनी विचारलं, "साठ झाल्यावर पेन्शन देतेत का हो?" अण्णा हसले नाहीत. तेव्हा त्याच हसल्या. "गंमत केली, गुरुजी."

दोन हजार तीनमध्ये सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचं निघालं. नाल्याच्या तोंडाशी असलेल्या झोपड्यांना खुणा झाल्या, आणि एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहिला. ज्यांच्याकडे पास नव्हता, अशी नऊ घरं दुपारपर्यंत सपाट झाली. लंकाबाई पास छातीशी धरून दारात उभ्या होत्या. साहेबानं पास बघितला.

"मालक कुठंयत?"

"कामावर," लंकाबाई म्हणाल्या.

साहेबानं पास परत दिला आणि पुढं गेला.

त्या दिवसापासून कुणीही विचारलं की हेच उत्तर. नळाचा माणूस, विजेचा माणूस, पोलिओचा डोस द्यायला आलेल्या बायका. मालक? कामावर. अण्णा एकदा समोर होते. ते म्हणाले, मी चष्मा पुसत बसलो. मग त्यांना राहवलं नाही.

"लंकाबाई, तुम्हाला माहीत आहे ना, तसा माणूस नाही?"

"येडी नाय मी, गुरुजी. त्यो शाईचा हाय, मला ठावं हाय. पण शाईचा का असंना, दारात उभा हाय. तेंनी मला मागं ठिवलं, ह्यानं घर राखलं."

आणि सकाळी पाच वाजता कुलूप लावून दोन टकटक. लताबाई सांगतात, पूर्वी ती उठवल्यासारखी वाजवायची. नंतर नंतर सांगून गेल्यासारखी.

घरं आली ती दोन हजार आठच्या सुमाराला. दिल्लीहून नवी योजना निघाली होती: झोपड्यांच्या जागी चार मजली इमारती, प्रत्येकाला दीड खोली, आत नळ, आत संडास. नाल्याकाठची जागा मोकळी करायची आणि वस्ती शहराच्या कडेला नव्या इमारतींत न्यायची. घर नवरा-बायकोच्या जोडनावावर मिळणार होतं. सुधारणा चांगलीच होती. अण्णा नेहमी म्हणत, जोडनाव आधीच असतं तर कितीतरी बायका रस्त्यावर आल्या नसत्या. पण लंकाबाईंच्या बाबतीत तीच आडवी आली. ऑफिसात सांगितलं गेलं की काळाराम मौले यांनी स्वतः येऊन फोटो आणि सही द्यावी, किंवा त्यांचा मृत्यूचा दाखला आणावा. दाखला होता सावळीरामांचा. काळाराम तर कागदोपत्री ठणठणीत होता. तीस दिवसांची मुदत होती. नंतर घर रद्द, आणि झोपडी तर पडणारच.

लताबाईंनी तोडगा काढला. "माझा दीर उभा करते. फोटोत सावलीच हाय, कोण वळखतंय?"

"नगं."

"अगं, एका सहीचं तर काम. तो काय तुझ्या घरात ऱ्हायला येतोय?"

"कुणाच्या बी अंगात तेंना घालायचं नाय, लता."

"मग काय करतीस? माझ्यासमोरचं घर दुसऱ्या कुणाला गेलं तर मी दार उघडायची नाय, सांगून ठिवते."

एकच मार्ग उरला होता. काळाराम आणि सावळीराम ही एकाच माणसाची नावं आहेत आणि तो माणूस मेला आहे, असं प्रतिज्ञापत्र. अण्णा दर दोन दिवसांनी जाऊन आठवण करत. लंकाबाई हो म्हणत आणि बाजारात निघून जात. मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा त्या स्वतःच आमच्या दारात आल्या. चला, म्हणाल्या.

अण्णांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, म्हणून मीही बरोबर गेले. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. रिक्षात लंकाबाई मधे बसल्या होत्या. मुठीत दाखल्याची गुंडाळी. सीबीएस बसस्टँडच्या पुढं आल्यावर त्यांनी विचारलं,

"गुरुजी, कागद झाला की यादीतलं नाव जाणार ना?"

"कुणाचं?"

"तुमच्या काळारामाचं."

"जाणार."

"म्हंजी तेबी वारले असं लिवणार."

अण्णा बाहेर बघत म्हणाले, "घर मिळेल, लंकाबाई."

"ते तर झालंच," त्या म्हणाल्या.

कचेरीतल्या खोलीत एक टेबल, एक पंखा, कागदांचे गठ्ठे आणि प्रतिज्ञापत्रं करून घेणारे पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांनी मजकूर बघितला, डोळे वर केले. "मयताचं खरं नाव?"

अण्णा पुढं झाले. "सावळी—"

"तुम्ही नाही. शपथ बाईंची आहे, बाईंनी बोलायचं. सांगा बाई."

लंकाबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्यांचा अंगठा एकसारखा तर्जनीवर फिरत होता, दोऱ्याला पीळ देताना फिरतो तसा. गृहस्थांनी पुन्हा विचारलं. मागं रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा सोडला. तिसऱ्यांदा विचारल्यावर लंकाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला, मान थोडी खाली घातली आणि लग्नघरात घेतात तसा स्पष्ट, लयीत उखाणा घेतला:

"झेंडूच्या माळेत शेवंती ओवते मधी,
सावळीरामांचं नाव असं घेतलं नव्हतं कधी."

गृहस्थांच्या तोंडून सवयीनं "वा!" निघालं. मग त्यांची नजर लंकाबाईंच्या मोकळ्या कपाळावर गेली. त्यांनी पेन उचललं. विधवा बाईनं घेतलेला उखाणा मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि त्या खोलीत कुणीच ऐकला नसावा.

"'ळी' दीर्घ ना?" गृहस्थांनी खाली बघतच अण्णांना विचारलं.

"दीर्घ," अण्णा म्हणाले.

लंकाबाईंनी अंगठा उठवला. बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या, अंगठ्याची शाई पदराला पुसत राहिल्या. "एका अंगठ्यात दोघं गेले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, हारात किती फुलं लागली हे सांगावं तसा.

फोटोपास जमा करावा लागणार होता. त्याआधी लंकाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानात फोटोची झेरॉक्स काढायला लावली. झेरॉक्समध्ये लंकाबाईंचा चेहरा जवळजवळ पुसला गेला. सावली मात्र मुळापेक्षा काळी आणि ठळक आली. पिशवीचा पट्टासुद्धा दिसत होता. अण्णांनी तो कागद हातात धरला आणि पटकन त्यांना परत दिला. घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं ती सावली कुणाची ते. खुंटीवरच्या शबनमकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "नावही मीच लिहिलं आणि उभाही मीच राहिलो." पुढं बरेच दिवस त्यांनी ती पिशवी वापरली नाही.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये घरं मिळाली. लंकाबाई तिसऱ्या मजल्यावर, लताबाई समोर. कागदावर एकच नाव: लंकाबाई सावळीराम मौले. वस्ती दोन दिवसांत पाडली. पत्रे भंगारवाल्यानं नेले, त्यात ११२ चं दारही गेलं. नव्या दाराला प्लायवुडची फळी आणि आतून बसणारं कुलूप. झेरॉक्स त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. नळाला पाणी होतं, खिडकीतून त्र्यंबककडचे डोंगर दिसत. एकदा मी गेले तेव्हा त्यांनी सगळं घर दाखवलं, नळ सोडून दाखवला, चहा केला. पहिल्या पहिल्यांदा त्यांनी बाहेरून दार वाजवून बघितलं होतं म्हणे. "ह्या दाराला आवाज नाय," त्या म्हणाल्या. मग सोडून दिलं. लताबाई सांगतात, त्यानंतरचे काही महिने लंकाबाई दार ओढून घ्यायच्या आणि सरळ जिना उतरायच्या. बोलणं कमी झालं. दूध एकटीपुरतं, एकच पिशवी, तीसुद्धा संध्याकाळी नासलेली.

त्या ऑक्टोबरात निवडणूक होती. अण्णा निवृत्त झाले होते, तरी वस्तीच्या चिठ्ठ्या ओळखीनं त्यांच्याकडे आल्या. त्यांत एक चिठ्ठी होती: काळाराम मौले, वय सत्तावन्न, घर क्रमांक ११२. घरांच्या यादीतून तो गेला होता. मतांच्या यादीत राहिला होता, पाडलेल्या घराच्या पत्त्यावर. नाव काढायला एक अर्ज भरावा लागतो. अण्णांनी तो भरला नाही. चिठ्ठी नेऊन त्यांनी लंकाबाईंना दिली. लंकाबाईंनी ती उलटी-सुलटी बघितली.

"हे कोण?"

अण्णांनी वाचून दाखवलं.

त्यांनी चिठ्ठी डब्यात ठेवली. अण्णा म्हणतात, जिन्यात येईपर्यंत त्यांना मागून हसण्याचा आवाज आला. पदर तोंडाला लावून हसतात तसा, पहिल्या दिवसासारखा.

डिसेंबरात एका सकाळी, ऊन वर यायच्या आत, लंकाबाई फुलबाजारात आपल्या पोत्यावर बसल्या बसल्या गेल्या. मांडीवर अर्धा हार होता. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली. अण्णा आणि मी घाटावर गेलो तेव्हा लताबाईंनी आदल्या काही तासांची हकीकत सांगितली. पहाटे पाचला त्या उठल्या त्या आवाजानं. टक, टक. प्लायवुडचा, भरीव. त्यांना वाटलं, आपलंच दार. उघडून बघतात तर लंकाबाई आपल्या बंद दारापुढं पाटी घेऊन उभ्या, कान दाराला.

"कुणाला उठवतीस गं येवढ्या पहाटं?" लताबाईंनी विचारलं.

लंकाबाईंनी ते ऐकलंच नाही बहुतेक. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या, मग मागं वळल्या.

"लता," त्या म्हणाल्या, "दूधवाला आला की आज माझ्या दोन पिशव्या घेऊन ठिव."